आत्याचं वर्क फ्रॉम होम

मार्च २०२०मध्ये लॉकडाउन लागला आणि समस्त आयटी, बँक, बीपीओवाल्या पब्लिकला एक नवा मंत्र मिळाला: वर्क फ्रॉम होम! डायनिंग टेबलचं डेस्क झालं, बेडरूमची कॉन्फरन्स रूम झाली. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा आणि मागे कुकरच्या शिट्ट्या. जो तो म्हणायला लागला, काय भारी आयडिया आहे राव, ऑफिसच घरी आलं!

सॉरी मंडळी, पण आम्हा सोलापूरकरांना यात नवीन असं काही वाटलं नाही. चादर, शेंगाचटणी आणि एप्रिल-मेमधलं जीवघेणं ऊन या तीन गोष्टींवरून तुम्ही आमचं गाव ओळखता. चौथी गोष्ट आम्हीच फारशी सांगत नाही. आमच्या पूर्व भागात, म्हणजे कन्ना चौक, अशोक चौक, दत्त नगर, विडी घरकुल या पट्ट्यात, हजारो बायका कित्येक पिढ्या वर्क फ्रॉम होमच करत आल्या आहेत. कारखान्याच्या शाखेतून पान आणि तंबाखू घ्यायची, घरी बसून विड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या आणि नवा माल घेऊन परत यायचं. मजुरी हजारावर. डेडलाइन रोजची. क्वालिटी चेक एकदम कडक. वाकडी, सैल, फाटकी विडी दिसली की बाजूला! १९६६च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं तर घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हणून मान्यता दिली होती. म्हणजे आपल्या एचआरनं वर्क फ्रॉम होमची पॉलिसी मेल करायच्या तब्बल ५४ वर्षं आधी.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र लॉकडाउनच्या काळात कुणाच्याच मेलमध्ये नव्हती. ऑफिस घरी येतं तेव्हा ऑफिसची हवाही घरी येते. आणि संध्याकाळी आपण लॉग आउट केलं तरी ती खोलीतून हलत नाही. रात्री त्याच खोलीत अंथरूण पडतं.

पंखा बंद कर गं!

माझी आत्या कन्ना चौकाच्या पलीकडे दोन खोल्यांत राहते. पस्तीस वर्षं तिनं विड्या वळल्या. शाळेच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिच्याकडे राहायला जायचो, त्यामुळे तिचं अख्खं 'वर्कफ्लो' मला पाठ आहे. आदल्या रात्री तेंदूची पानं पाण्यात भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा पानावर धरून कात्रीनं मापात कापायची. मग मांडीवर सूप. सुपात एका बाजूला कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखूचा ढीग. चिमूटभर तंबाखू पानात, बोटांची एक गिरकी, टोक दुमडलं, दोरा गुंडाळला, झाली विडी. बोलता बोलता, टीव्ही बघता बघता, आमची भांडणं सोडवता सोडवता हात चालूच. स्पीड अशी की आपण कीबोर्डवर लाजावं.

पण मे महिन्यात, पारा ४३च्या वर असताना, त्या खोलीत पंखा बंद असायचा. कुणी चुकून बटण दाबलं की आत्या ओरडायची, "पंखा बंद कर गं, तंबाखू उडतीय!" खिडकीही अर्धी लावलेली, कारण बाहेरून झळा. खोलीत तंबाखूचा खकाणा इतका भरलेला असायचा की आल्या आल्या आम्हाला पाच-सहा शिंका ठरलेल्या. आत्याला शिंक यायची नाही. तिला सवय झाली होती. पलंगाखाली पानांची पोती, कोपऱ्यात स्टोव्ह, नंतर गॅस, आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात पाळणा. तिच्याकडच्या गोधड्यांना येणारा तो वास मला आजही लगेच ओळखू येतो.

काही वर्षांपूर्वी आत्याला जिना चढताना धाप लागायला लागली. खोकला होताच, पण तो घरातलाच एक मेंबर असल्यासारखा होता. त्याच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. शेवटी आतेबहिणीनं तिला डॉक्टरांकडे नेलं. मीही सोबत होते. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आजी, विडी-सिगारेट ओढता का?"

"मी कुठं ओढते ओ डॉक्टर? मी निस्ती वळते!"

सगळे हसले. डॉक्टरही हसले. मग त्यांनी नळीत जोरात फुंकर मारायची ती टेस्ट केली, स्पायरोमेट्री म्हणतात तिला. रिपोर्टवर लिहून आलं: सीओपीडी. म्हणजे फुप्फुसातल्या श्वासनलिका हळूहळू अरुंद होत जातात. औषधानं त्रास कमी होतो, पण गेलेली ताकद परत येत नाही.

सीओपीडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चेनस्मोकर येतो. पण २००९ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला होता. विषय असा, की आयुष्यात एकही झुरका न मारलेल्या माणसांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो. कारणं? चुलीचा धूर, कामाच्या जागची धूळ आणि वाफा, असं बरंच काही. आत्याच्या डॉक्टरांनीही एकाच गोष्टीवर बोट ठेवलं नाही. लहानपणी गावाकडे शेणी-सरपणाची चूल, मग पस्तीस वर्षं तंबाखू आणि खालच्या मजल्यावर यंत्रमागाचा कारखाना. ते म्हणाले, "हिशेब सगळ्याचा मिळून होतो."

ओरिजिनल मंडे ब्लूज

यंत्रमाग म्हणजे पॉवरलूम. आमच्याकडे 'कारखाना' म्हटलं की दहा एकरांतली चिमणीवाली फॅक्टरी डोळ्यांसमोर आणू नका. खाली माग, वर घर, असं कित्येक ठिकाणी असतं. तुमची चादर आणि टॉवेल तिथून येतात. त्या खडखडाटाची आम्हाला इतकी सवय, की लाइट जाऊन माग थांबले की झोपलेली माणसं जागी व्हायची! आवाज थांबला की कळायचं. पण सुताची तूस कधी थांबायची नाही. ती जिन्यावर, जाळीवर, पंख्याच्या पात्यांवर, देवघरातल्या फोटोंवर पांढरी साय धरल्यासारखी बसायची.

कापसाच्या धुळीतून होणाऱ्या आजाराचं नाव बिसिनोसिस. तो जास्त करून कापूस पिंजायच्या आणि सूत कातायच्या खात्यांत दिसतो. त्याची सुरुवात मोठी अजब असते. आठवड्याची सुट्टी संपवून कामगार पहिल्या दिवशी कामावर जातो आणि त्याची छाती जड होते, श्वास आखडतो. नंतरच्या दिवसांत जरा बरं वाटतं. पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये याला सोमवारचा ताप म्हणायचे. आपण सोमवारी सकाळी "मंडे ब्लूज यार" म्हणत कॉफी घेतो. सोलापूर गिरण्यांचं गाव; इथली पहिली गिरणी १८७७ची. तेव्हापासून सोमवारी छाती जड होणाऱ्या कामगारांनी त्याला कोणतं नाव दिलं असेल कोण जाणे. बहुतेक काहीच नसेल दिलं. कामावर गेले असतील.

यंत्र कुठं लावायचं?

आता तुम्ही म्हणाल, हे झालं विडीचं आणि मागाचं. आमच्या बाणेर, वाकड, ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये याचा काय संबंध?

त्यासाठी एका अमेरिकन माणसाची गोष्ट सांगते. कर्क स्मिथ त्यांचं नाव. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते गुजरातमधल्या खेड्यांत गेले. तेव्हा जगभरात हवेचं प्रदूषण म्हणजे शहर, गाड्या आणि कारखान्यांची धुराडी असंच समीकरण होतं. मोजायची यंत्रंही चौकात, खांबावर, इमारतीच्या गच्चीवर. स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी काय करावं? हवा मोजायचं यंत्र त्यांनी थेट स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लावलं. आकडे बघून शास्त्रज्ञ चाट पडले. शहरातल्या चौकापेक्षा कितीतरी वाईट हवा शांत, सुंदर खेड्यातल्या स्वयंपाकघरात होती. स्मिथ २०२०मध्ये गेले. त्याच वर्षी घरातल्या स्वयंपाकाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं अकाली मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे २०१६मध्ये उज्ज्वला योजना आली, त्यामागे अशाच अभ्यासांची पुण्याई होती.

मला यातली ग्रेट गोष्ट आकडे नाही वाटत. यंत्राची जागा वाटते. मोबाइलवरचं ॲप तुम्हाला चौकातल्या हवेचा आकडा सांगतं. पण फुप्फुसात काय जातं, ते ठरतं तुम्ही कुठं बसता आणि किती तास बसता यावर. एकाच घरात, एकाच वेळी, चार माणसांची हवा चार प्रकारची असू शकते. आत्याच्या घरात फुफा गेटवरच्या नोकरीला जायचे. दिवसभर मोकळ्यावर. पोरं शाळेत. ती एकटी सुपापाशी.

जुळे सोलापूर, फ्लॅट नंबर अमुक

माझं सध्या महिन्यातले तीन आठवडे सोलापूर आणि एक आठवडा पुणे असं चालू आहे. जुळे सोलापुरात आमचा टू बीएचके आहे. स्लायडिंगच्या खिडक्या, स्प्लिट एसी, मॉड्युलर किचन, सगळं चकाचक. आत्याच्या रिपोर्टनंतर मी हवेतले बारीक कण मोजायचं एक छोटं मीटर ऑनलाइन मागवलं. डब्याएवढं असतं. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण; आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. नाकातले केस यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

आठवडाभर हे मीटर घेऊन मी घरात फिरत होते. आई म्हणाली, "आता हे काय नवीन खूळ?" पण तिसऱ्या दिवशी तीच विचारायला लागली, "आज किती?" कारण मीटर फार मजेशीर वागत होतं. सकाळी शांत. दोन आकड्यांत. फोडणी पडली, मिरची तडतडली, झाला की तीन आकडी! शेंगाचटणीसाठी शेंगदाणे आणि मिरच्या भाजल्या त्या दिवशी तर आईच्या ठसक्याआधी मीटरच लाल झालं. संध्याकाळी देवापुढे उदबत्ती लावली, पुन्हा वर. धूप घातला, अजून वर. झाडू मारताना उडालं ते वेगळंच. आणि रात्री मच्छर अगरबत्ती!

मच्छर अगरबत्ती म्हणजे ती हिरवी गोल कॉइल. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या. एक कॉइल पूर्ण जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्याइतके बारीक कण बाहेर पडतात, असं त्यात निघालं. आपण ती पलंगाखाली लावतो, दार लावतो, खिडकी लावतो आणि गाढ झोपतो. घरात कुणी सिगारेट पेटवली तर आई त्याला बाहेर हाकलेल. कॉइल मात्र आईच लावते, तीही बाळाच्या खोलीत, आणि काळजीपोटी.

गंमत बघा, सरकारी मानकं आहेत. २००९च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे पीएम २.५ची वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये ती ५वर आणून ठेवली. २०१९मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये आमचं सोलापूरही आहे. पण ही सगळी बाहेरच्या हवेची गोष्ट. महापालिका रस्ते झाडेल, पाणी मारेल. तुमच्या बेडरूममधली कॉइल विझवायला कुणी येणार नाही.

कूलर डाउनमार्केट, एसी कूल?

आमच्याकडे उन्हाळ्यात एक क्लास डिफरन्स असतो. कूलरवाले आणि एसीवाले. लग्नाच्या बोलणीत "मुलीच्या खोलीत एसी आहे" असं हळूच सांगतात. पण हवेच्या हिशेबात आमचा तो पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा, खिडकीत बसवलेला कूलर हुशार आहे. तो बाहेरची हवा आत ओढतो, त्यामुळे आतली शिळी हवा बाहेर जाते. एक खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर तो नीट चालत नाही. स्प्लिट एसी काय करतो? खोलीतलीच हवा घेतो, गार करतो, परत खोलीत सोडतो. बाहेरची ताजी हवा आणणं हे त्याचं कामच नाही. बऱ्याच जणांना अजूनही वाटतं की बाहेर लटकलेलं ते यंत्र हवा आत पाठवतं. ते फक्त खोलीतली उष्णता बाहेर टाकतं.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएमच्या आसपास असतो. बंद बेडरूममध्ये दोन माणसं रात्रभर झोपली की तो आरामात हजाराच्या वर जातो. सकाळी डोकं जड, "झोप झाली नाही यार", दुपारच्या मीटिंगमध्ये जांभया. दर वेळी दोष बॉसच्या प्रेझेंटेशनला देऊ नका.

माझी तंबाखू कोण भरून देणार?

मग सोल्युशन काय? मार्केटमध्ये दोन तयार आहेत: कुंडी आणि डबा.

कुंडीवाल्यांची भिस्त १९८९च्या नासाच्या अभ्यासावर. स्नेक प्लांट, मनी प्लांट लावा, हवा शुद्ध. तो अभ्यास खरा होता, पण लहानशा बंद पेटीत केलेला होता. २०१९मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी असे अनेक अभ्यास एकत्र तपासले आणि हिशेब मांडला: खरोखरच्या घरात फरक पडायचा तर दर चौरस मीटरला कमीत कमी दहा झाडं लागतील, कदाचित हजारही. म्हणजे हॉलमध्ये जंगल आणि आपण बाल्कनीत! झाडं लावा, डोळ्यांना बरं वाटतं. फुप्फुसाचं काम त्यांच्यावर ढकलू नका.

डब्याचं म्हणजे प्युरिफायरचं बरं आहे. चांगल्या हेपा फिल्टरचा प्युरिफायर बारीक कण खरंच पकडतो. पण तो एका खोलीपुरता, दारं-खिडक्या लावलेल्या खोलीपुरता. गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू त्याला पकडता येत नाहीत, त्यासाठी वेगळा कार्बनचा थर लागतो. कार्बन डायऑक्साइड तर तो कमी करतच नाही. आणि फिल्टर वेळेवर बदलला नाही तर नुसता शोभेचा पंखा.

माझ्या भावाच्या डोक्यात आलं, आत्याला एक प्युरिफायर घेऊन देऊ. "मस्त गिफ्ट होईल बे!" आत्यानं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तंबाखू वजन करून देतेत, विड्या मोजून घेतेत. ह्या डब्यानं माझी तंबाखू वढून घेतली, तर भरून कोण देणार?"

भाऊ गप्प. एमबीएमध्ये हे शिकवत नाहीत.

सुपातला हिशेब

आतेबहीण म्हणाली, "आई, आता बास कर. मी कमावते ना." ती पुण्यात हिंजवडीला आहे, चांगल्या पगारावर. पण तिच्या शिक्षणाची फी कुठून आली? त्याच सुपातून. विडी कामगारांच्या मुलांना मिळणारी केंद्र सरकारची स्कॉलरशिप तिला होती. आत्याचा पीएफ आहे, विडी कामगाराचं ओळखपत्र आहे. नवऱ्याच्या नावावर नसलेली, फक्त तिची अशी एवढीच गोष्ट तिच्याकडे आहे. ते ओळखपत्र ती प्लास्टिकच्या पिशवीत, पासबुकासोबत ठेवते. आपण लिंक्डइन अपडेट करतो ना, तशी ती ते मधूनमधून काढून पुसून ठेवते. तिला "काम सोड" म्हणणं सोपं नाही. ज्या हवेनं तिचा श्वास घेतला, त्याच हवेवर घर उभं राहिलं.

सोलापुरात या बायकांसाठी घरं झाली, तीही साधीसुधी लढाई नव्हती. नरसय्या आडम, ज्यांना अख्खं सोलापूर आडम मास्तर म्हणतं, त्यांच्या युनियननं वर्षानुवर्षं मोर्चे काढले. २००६मध्ये कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत झाली, तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. पुढं रे नगर उभं राहिलं आणि जानेवारी २०२४मध्ये तिथल्या १५ हजार घरांचं लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदींनी केलं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे अशा लोकांना हक्काची भिंत, हक्काची खिडकी मिळाली. पत्र्याच्या खोलीतून पक्क्या घरात गेलेल्या बाईला विचारा, खिडकी म्हणजे काय.

मला वाटतं, पुढचा नकाशा काढताना एवढंच बघावं: जिचं घर हीच जिच्या कामाची जागा, तिच्या घरात काम करायला एक वेगळा, हवेशीर कोपरा हवा. ओटा म्हणा, पडवी म्हणा. आपल्या बिल्डरच्या ब्रोशरमध्ये आता 'स्टडी-कम-वर्कस्पेस' असतं. तिला का नको?

आत्यानं काम सोडलं नाही, निम्मं केलं. आतेबहिणीनं स्वयंपाकघराच्या भिंतीत वरच्या बाजूला एक एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. तंबाखू आता झाकणाच्या डब्यात, लागेल तेवढीच सुपात. सकाळी ऊन चढेपर्यंत आत्या बाहेर ओट्यावर बसून वळते. शेजारच्या दोघी येतात, तिघींच्या गप्पा होतात. आत झाडू नाही, ओल्या फडक्यानं पुसणं. इनहेलर सकाळ-संध्याकाळ. खोकला गेलेला नाही. जिना मात्र आता ती एकदाच थांबून चढते, पूर्वी तीनदा थांबायची. झोपायच्या खोलीत पान-तंबाखू न्यायची नाही, हा नियम तिनं स्वतःच केलाय.

तुमच्या घरातलं सूप शोधा

आता आपल्याबद्दल. घरातल्या हवेचा सगळ्यात साधा, फुकटातला फंडा असा: आधी धूर आणि धूळ तयार होणं कमी करा, मग झालेली बाहेर घालवा, आणि उरलीच तर फिल्टर घ्या. आपण नेमकं उलट्या क्रमानं जातो, कारण फिल्टर ईएमआयवर मिळतो.

कॉइलऐवजी मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी. फोडणीच्या आधी एक्झॉस्ट किंवा चिमणी चालू, भाजी झाल्यावर नाही. आणि नंतर दहा मिनिटं तशीच चालू ठेवायची. उदबत्ती लावायची तर खिडकी उघडून. देव रागावत नाहीत. एसीच्या खोलीचं दार झोपण्याआधी आणि उठल्यावर थोडा वेळ सताड उघडं. आणि गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम तेच: प्लंबरला बोलवा आणि तो बाहेर मोकळ्या हवेत हलवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आंघोळीला गेलेली धडधाकट तरुण माणसं बाहेर आलीच नाहीत, अशा बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात येतात.

पण त्याहीआधी कर्क स्मिथसारखं करून बघा. मीटर नसलं तरी चालेल. एका रविवारी घरात नुसतं बघा, कोण कुठं किती वेळ असतं. गॅससमोर कोण? कॉइलजवळ कुणाचं अंथरूण? भांडीवाल्या मावशी, पोळ्यांच्या काकू दिवसाला किती घरांच्या फोडण्यांसमोर उभ्या राहतात? जी व्यक्ती सगळ्यात जास्त वेळ सगळ्यात वाईट कोपऱ्यात असते, तिच्यापासून सुरुवात करा. बहुतेक वेळा ती प्युरिफायर ठेवलेल्या खोलीत नसते.

आणि यंदा फ्लॅट बघत असाल, तर सॅम्पल फ्लॅट रविवारी संध्याकाळी बघायला जाऊ नका. तेव्हा तिथं रूम फ्रेशनर आणि मंद म्युझिक असतं. त्याच बिल्डरच्या, लोक राहायला गेलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये जा. सकाळी साडेसात-आठला, डब्यांच्या घाईत. कुणाला तरी विनंती करून त्यांच्या किचनमध्ये पाच मिनिटं उभे राहा. जिरं-मोहरी तडतडू दे. ठसका लागला, तर पार्किंगचं विचारायचीही गरज नाही.